आधी मजकूर, मग स्लाइड

आमची संस्था पाण्यावर काम करते. जालना आणि बीड जिल्ह्यांतल्या गावांत विहिरींची पातळी मोजायची, पावसाचा आणि पिकांचा हिशेब गावासमोर मांडायचा आणि तोच हिशेब पुण्यात बसून देणगीदारांपुढे इंग्रजीत ठेवायचा. यातलं मांडण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे वर्षभर मी स्लाइड्स करते. गावासाठी मराठी, देणगीदारांसाठी इंग्रजी, कृषी सहायकांच्या प्रशिक्षणासाठी मराठीच पण जास्त आकड्यांच्या, आणि अधूनमधून एखाद्या परिषदेसाठी सूत्रांसकट. मजकूर बराचसा तोच. फाइली मात्र चार, आणि या फाइलीतलं त्या फाइलीला माहीत नाही. एखाद्या गावाचं सरासरी पर्जन्यमान इंग्रजी फाइलीत दुरुस्त होतं, मराठीत जुनंच राहतं, आणि ग्रामसभेत नेमका तोच आकडा कुणा आजोबांना तोंडपाठ असतो.

साध्या मजकुरातून स्लाइड करण्याकडे मी वळले ती या कटकटीपायी. संगणकाची मला विशेष हौस नाही. पण चार ठिकाणी एकच दुरुस्ती करत बसण्याचा मला मनस्वी कंटाळा आहे.

ही पद्धत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नोटपॅडसारख्या कुठल्याही संपादकात एक फाइल लिहायची. मथळ्याच्या आधी # हे चिन्ह, मुद्द्याच्या आधी छोटी आडवी रेघ, ठळक करायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका. या खुणांना मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रूबर यांनी 2004 मध्ये ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने ही पद्धत आखली. फॉण्ट, रंग, पार्श्वभूमी यांचा त्या फाइलीत मागमूस नसतो. मग एखादं साधन ती फाइल वाचतं आणि तिच्या स्लाइड्स घडवतं. आमच्या एका जुन्या स्लाइडचा मजकूर असा आहे:

# एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी?

- एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर
- त्यावर पडला 1 मिलिमीटर पाऊस
- झालं 10,000 लिटर पाणी

बस, एवढंच. गावात ही स्लाइड लागली की कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे एक टँकर!’ मोठा टँकर साधारण तेवढ्याच पाण्याचा असतो. मग पुढचा अर्धा तास मला फारसं बोलावं लागत नाही. आपल्या शिवारावर किती टँकर पडले याचा हिशेब लोकच करत बसतात. या स्लाइडला सजावटीची गरज नाही. तिला गरज आहे ती आकडा बरोबर असण्याची आणि अक्षर मागच्या सतरंजीवरून वाचता येण्याची.

मुक्त साधनं यासाठी ढीगभर आहेत. नवशिक्याला त्यांची यादी बघूनच घाम फुटतो. बहुतेक तुलनांमध्ये थीम किती, ॲनिमेशन कसं, प्रोग्रामचा कोड रंगीत दिसतो का, असे मुद्दे असतात. माझ्या कामात यातला एकही मुद्दा येत नाही. मी माझ्यापुरती एक परीक्षा-फाइल केली. तिच्यात ‘पाणलोटाची स्थिती’, ‘दुसऱ्या वर्षीचा पाऊस’, ‘कृषी क्षेत्र’, ‘विहिरींमधल्या पाण्याचा ऱ्हास’ असे शब्द, एक आकड्यांचा तक्ता, एक फोटो आणि एक सूत्र घातलं. जे साधन या फाइलीवर अडखळेल त्याच्या बाकीच्या गुणांचं मला काय कौतुक?

सुरुवात बीमरपासून केली. कारण सोपं होतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात त्याचा पाठ आहे, आणि परिषदांमध्ये गणित-विज्ञानवाले सगळे तेच वापरताना दिसतात. बीमर म्हणजे लाटेक या अक्षरजुळणीच्या व्यवस्थेवर उभं केलेलं स्लाइडचं साधन. टिल टांटाऊ यांनी 2003 च्या फेब्रुवारीत स्वतःच्या पीएच.डी.च्या सादरीकरणासाठी ते रचलं आणि सहकाऱ्यांनी मागितलं म्हणून महिनाभराने सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच्या थीमना शहरांची नावं आहेत: बर्लिन, माद्रिद, वॉर्सा, सिंगापूर. पुणे नाही. सूत्रं, संदर्भ, क्रमांक यांत त्याचा हात धरणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पण देवनागरी! लाटेकच्या जुन्या यंत्राला युनिकोड फॉण्ट सरळ वापरता येत नाहीत. त्यासाठी झीटेक किंवा लुआटेक ही नवी यंत्रं लागतात. झीटेक जोनाथन क्यू यांनी 2004 मध्ये आणलं, आणि संगणकात बसवलेला कुठलाही फॉण्ट त्यात चालतो. इथवर ठीक. फॉण्ट सांगितला, फाइल चालवली, पीडीएफ तयार झाली, एकही चूक दाखवली नाही, आणि उघडून बघते तर स्लाइड कोरी. आकडे तेवढे जागेवर. झालं असं होतं, की बीमर स्लाइडसाठी ‘सॅन्स’ प्रकारचा फॉण्ट घेतो आणि मी सांगितलेला फॉण्ट ‘मुख्य’ मजकुराचा होता. सॅन्सच्या जागी त्याचा स्वतःचा रोमन फॉण्ट बसलेला, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. नसलेल्या अक्षराबद्दल झीटेक आरडाओरडा करत नाही. लॉग नावाच्या फाइलीत कुठेतरी खाली एक ओळ लिहितो आणि पुढे जातो.

सॅन्सच्या जागी मुक्त हा फॉण्ट नेमला, तेव्हा अक्षरं आली. मुंबईच्या एक टाइप या गटाचा हा फॉण्ट नावाप्रमाणे मुक्त परवान्याचा आहे. पण ‘स्थिती’ची दशा बघवेना. पाय मोडलेला स, मग थ, आणि पहिली वेलांटी थच्या मागे जाऊन बसलेली. फॉण्ट सांगताना ‘लिपी देवनागरी’ असं वेगळं सांगावं लागतं. नाहीतर यंत्र रोमन लिपीचे नियम लावून अक्षरं एकापुढे एक मांडत जातं. ते सांगितलं आणि सगळं जागच्या जागी आलं. त्याच ओळीत ‘भाषा मराठी’ असंही सांगता येतं. फॉण्टमध्ये सोय असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श त्यामुळे मिळतो. राज्य सरकारने 2022 च्या नोव्हेंबरात वर्णमालेचा निर्णय काढून हीच रूपं पुन्हा ठरवून दिली, तेव्हापासून सरकारी प्रशिक्षणात कुणी ना कुणी त्यावर बोट ठेवतं. लिपी आणि भाषा हे दोन शब्द एकदा आमच्या साच्यात बसवले, आता त्यांच्याकडे पाहावं लागत नाही.

बीमरबद्दल माझं मत असं झालं, की काम उत्तम, पण ते एका माणसाचं. आमच्या कार्यालयात लाटेक येणारी मी एकटी. पूर्ण लाटेक बसवायचं तर काही जीबी जागा जाते, आणि एक महिरपी कंस सुटला तर जो संदेश येतो तो वाचून माणूस संगणक बंद करून चहाला जातो. शिवाय मुद्दे एकेक करून दाखवायचे म्हटलं, की बीमर प्रत्येक टप्प्याचं वेगळं पान करतो. पाच मुद्द्यांच्या स्लाइडची पाच पानं. पडद्यावर छान दिसतं. तीच फाइल कुणी छापायला टाकली तर कागदाचा गठ्ठा निघतो. त्यावर ‘हँडआउट’ नावाचा पर्याय आहे, पण तो माहीत असलेला माणूस छापणाऱ्याच्या शेजारी उभा असावा लागतो.

दुसरं घराणं ब्राउझरचं. इथे स्लाइड म्हणजे वेबपानच, त्यामुळे देवनागरी जुळवण्याची जबाबदारी क्रोम किंवा फायरफॉक्सकडे जाते, आणि ती ते चोख पार पाडतात. माझ्या परीक्षा-फाइलीतली सगळी जोडाक्षरं पहिल्या फटक्यात बरोबर आली. यातलं सर्वांत नावाजलेलं रिव्हील-जेएस. स्वीडनच्या हकीम एल हत्ताब यांनी 2011 मध्ये सुरू केलेलं. ते मुळात 960 बाय 700 ठिपक्यांची स्लाइड धरतं आणि समोरच्या पडद्याप्रमाणे लहानमोठी करतं. गावच्या शाळेतला जुना चौकोनी प्रोजेक्टर असो की नव्या सभागृहाचा लांबट पडदा, मजकूर कापला जात नाही.

मग यात खोड काय? खोड थीममध्ये. थीम रचणारे रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून रचतात. काही थीम मथळ्याच्या अक्षरांमधलं अंतर वाढवतात किंवा कमी करतात. रोमनमध्ये ते ऐटबाज दिसतं. देवनागरीत अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते. ‘पाणलोट’ असा एक शब्द न दिसता चार अक्षरं शेजारी-शेजारी टांगल्यासारखी दिसतात. कमी केलं तर काना मागच्या अक्षरावर चढतो. दुसरी अडचण ओळींमधल्या अंतराची. वर रफार आणि मात्रा, खाली उकार, असा आपला संसार दोन्ही अंगांनी पसरलेला. रोमनच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीतला ‘कृ’ आणि खालच्या ओळीतला ‘र्वे’ एकमेकांत अडकतात. दोन्हीवर इलाज एकेका ओळीचा आहे. अक्षरांतलं अंतर शून्य करायचं, ओळींतलं थोडं वाढवायचं. पण हा इलाज कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेला मला आढळला नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका अभियंता मुलीने तो पाच मिनिटांत शोधला. वेबपानं बनवणाऱ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते.

त्याहून गंभीर मुद्दा इंटरनेटचा. मार्कडाउनमधून रिव्हीलच्या स्लाइड करण्यासाठी मी पॅनडॉक वापरते. त्याने काढलेली फाइल डोळे झाकून घेतली तर रिव्हीलचा सगळा बाडबिस्तरा ती दर वेळी इंटरनेटवरून मागवते. पुण्याच्या कार्यालयात हे लक्षातही येत नाही. म्हणून गावाला जाण्याआधी वायफाय बंद करून फाइल उघडायची, असा आमचा शिरस्ता आहे. तशी उघडली, की स्लाइड्सच्या जागी एक लांबलचक वेबपान दिसतं, वरपासून खालपर्यंत नुसता मजकूर. ज्या गावात फोन लावायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं तिथे अशी फाइल घेऊन जाणं म्हणजे फजितीच. पॅनडॉकला सांगितलं तर तो सगळं सामान, फोटो आणि फॉण्टसकट, एकाच फाइलीत भरून देतो. फाइल जड होते, पण पेनड्राइव्हवर टाकून ग्रामपंचायतीच्या कुठल्याही संगणकावर चालते. फॉण्टही आतच असल्याने तिथे मराठी फॉण्ट आहे की नाही ही विचारपूस करावी लागत नाही. ज्यांनी बिगर-युनिकोड फॉण्टच्या काळात एका संगणकावरची मराठी फाइल दुसऱ्यावर उघडून तिच्या जागी चिन्हांची रांगोळी पाहिली आहे, त्यांना या सुखाची किंमत कळेल. तरीही पेनड्राइव्हवर शेजारी एक पीडीएफ ठेवतेच. वीज, प्रोजेक्टर आणि ब्राउझर यांच्यावर एकाच वेळी भरवसा ठेवण्याइतकी मी भाबडी नाही.

पॅनडॉकबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या निवडीचा कणा तो आहे. जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी 2006 मध्ये हे साधन लिहिलं. मुळात ते स्लाइडचं साधन नाहीच. एका स्वरूपातला मजकूर दुसऱ्या स्वरूपात नेणारा हा दुभाषा आहे. मार्कडाउनची तीच फाइल तो बीमरकडे नेतो, रिव्हीलकडे नेतो, वर्डची फाइल करतो, आणि पॉवरपॉइंटचीही करतो. एरिक मेयर यांनी 2004 मध्ये काढलेलं एस5 हे स्लाइडचं साधन आज क्वचितच कुणी वापरतं, पण पॅनडॉकच्या यादीत तेही आहे. मला हे आश्वासक वाटतं. साधनं येतात, गाजतात, त्यांचा कर्ता दुसऱ्या कामाला लागतो आणि ती थंडावतात. मजकुराची फाइल आपल्याकडे असली तर आपण नवं साधन बघतो, नव्याने टंकन करत नाही.

आणि पॉवरपॉइंट. मुक्त साधनांचे पुरस्कर्ते या ठिकाणी नाक मुरडतात. त्यांना नाक मुरडणं परवडत असेल, मला नाही. देणगीदाराचा निरोप येतो तो ‘पीपीटी पाठवा’ असाच. जिल्ह्याच्या बैठकीत सगळ्या संस्थांच्या स्लाइड्स एकाच फाइलीत जोडतात, तिथेही पीपीटीच लागते. बीडचे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं, ‘ताई, तुमचं ते हॅश-बिश तुमच्यापाशी. मला ऐनवेळी आकडा बदलता आला पाहिजे.’ दादांचं म्हणणं रास्त आहे. गावात पोचल्यावर कळतं की कालच पाऊस झाला, आणि आकडा बदलतो.

साधन निवडताना ही कसोटी निर्णायक ठरली, आणि इथेच मार्प मागे पडलं. मार्प हे जपानच्या युकी हातोरी यांचं साधन. शिकायला सगळ्यांत सोपं. तीन आडव्या रेघा मारल्या की नवी स्लाइड, आणि व्हीएस कोड या संपादकात डावीकडे मजकूर लिहावा तशी उजवीकडे स्लाइड दिसत जाते. ज्याला आज दुपारी शिकून उद्या सकाळी बोलायचं आहे त्याला मी मार्पच सांगते. पण त्याची पीपीटी काढली, की प्रत्येक स्लाइड म्हणजे एक चित्र असतं. दिसायला हुबेहूब; आकडा बदलायला गेलं तर बोट ठेवायला जागा नाही. बदलता येण्याजोगी पीपीटी देण्याचा प्रायोगिक पर्याय त्यात नंतर आला आहे, त्यासाठी लिबरऑफिस बसवलेलं लागतं. पॅनडॉकची पीपीटी दिसायला साधी, जराशी ओबडधोबडच, पण तिच्यातला मजकूर हा खराखुरा मजकूर असतो. दादा तो बदलू शकतात.

तिच्या दिसण्याचं काय करायचं, तर एक नमुना-फाइल द्यायची. संस्थेचं बोधचिन्ह, रंग आणि अक्षरांची मापं त्या पीपीटीत एकदा बसवली, की पॅनडॉक प्रत्येक वेळी तोच साचा वापरतो. इथेही मराठीची एक मेख आहे. पॉवरपॉइंट आणि लिबरऑफिस दोघंही रोमनचा फॉण्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉण्ट वेगवेगळे ठेवतात. वरवर दिसतो तो बहुतेकदा पहिला. तो बदलून ‘मुक्त’ केला तरी मराठी मजकूर मंगल या फॉण्टमध्येच दिसत राहतो आणि माणूस चक्रावतो. लिबरऑफिसमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’ची सोय चालू केली की दुसरा फॉण्ट आणि त्याचं माप वेगळं दिसतं. दोन्ही जागी बदल करायचा. मुद्दे जास्त झाले तर ते चौकटीबाहेर वाहून जातात. त्यावर मी तांत्रिक इलाज शोधलेला नाही. मुद्दे कमी करते. एडवर्ड टफ्टी यांनी 2003 मध्ये पॉवरपॉइंटच्या मुद्देगिरीवर जी टीका केली ती वाचल्यापासून चौकट भरून वाहू लागली की मला आपण वायफळ बोलतोय अशी शंका येते.

आता राहिला प्रश्न दादांनी पीपीटीत केलेले बदल मूळ मजकुरात परत कसे यायचे. यावर मी गिटचा विचार केला होता. कुठल्या ओळीत काय बदललं ते गिट नेमकं दाखवतं, आणि साध्या मजकुराचा हा मोठा फायदा सगळेच सांगतात. कार्यालयातल्या आम्ही तिघी तो वापरतोही. पण गावोगाव फिरणाऱ्या दादांना आणि पाणलोट सेविकांना गिट शिकवणं म्हणजे त्यांच्या कामात खोडा घालणं. मी एवढंच ठरवलं: पीपीटीत हवं ते बदला, फक्त बदललेली ओळ मला व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा. फोटो नको, ओळ.

ओळी येऊ लागल्या आणि माझ्या ध्यानात आलं की ही माणसं आधीपासूनच साध्या मजकुरात लिहीत होती. एका सेविकेने एके रात्री हा निरोप पाठवला:

विहीर 4, मारुतीच्या देवळामागची
- मार्गशीर्षात पाणी *6 मीटरवर*
- गेल्या वर्षी याच वेळी 8 मीटरवर
- दोन मोटारी बंद ठेवल्या म्हणून

ठळक अक्षरासाठी तारका, मुद्द्याला रेघ, वर मथळा. व्हॉट्सॲपवर एक तारका लागते, मार्कडाउनमध्ये ठळकसाठी दोन. बाकी हा निरोप म्हणजे तयार स्लाइड होती. मी मथळ्याआधी # टाकला, तारका दुप्पट केल्या, मूळ फाइलीत चिकटवलं. पुढच्या गावसभेत ती स्लाइड तिच्याच शब्दांत लागली, आणि शेवटच्या ओळीवर मागून आवाज आला, ‘दोन नाही, तीन मोटारी.’ तिने तिथल्या तिथे दुरुस्ती कळवली.

त्या दिवसापासून माझ्या लेखी या पद्धतीचा मुख्य गुण बदलला. चार फाइलींचा एक स्रोत झाला हे आहेच. पण ज्या बाईकडे लॅपटॉप नाही, जिने कधी स्लाइड केलेली नाही, ती आता फोनवरून स्लाइड लिहिते. पूर्वी तिची निरीक्षणं माझ्या शब्दांत पडद्यावर जायची, आणि त्यातला ‘मारुतीच्या देवळामागची’ हा तपशील माझ्या हातून हमखास गळायचा. कुठलंही साधन निवडलं असतं तरी हे झालं असतं. मजकूर साधा असणं एवढीच त्याची अट होती.

बाकीची साधनं मी पाहिली, त्यांच्याबद्दल दोन-दोन शब्द. अँथनी फू यांचं स्लायडेव्ह 2021 चं; देखणं आहे, पण ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी केलेलं, आणि ते बसवताना जे शेकडो तुकडे उतरवून घ्यावे लागतात ते आमच्या तालुक्याच्या इंटरनेटला झेपत नाहीत. सेंट नावाचं एक इवलंसं साधन आहे, प्रत्येक परिच्छेदाची एक स्लाइड करणारं. कल्पना मला फार आवडली. मासायोशी ताकाहाशी या जपानी प्रोग्रामरची मोठ्या अक्षरांत मोजकेच शब्द दाखवायची पद्धत त्यामागे आहे. पण देवनागरी त्याला जुळवता येत नाही, तिथेच विषय संपला. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या साधनांचंही तेच. क्वार्टोचं वेगळं आहे. ते पॅनडॉकवरच उभं आहे, आणि आकड्यांच्या फाइलीवरून आलेख स्वतः काढून स्लाइडमध्ये घालतं. विहिरींच्या नोंदी बदलल्या की आलेख आपोआप बदलतात. आमच्या अभियंता मुलीने कृषी सहायकांच्या प्रशिक्षणासाठी तेच घेतलं आणि मी त्यात लुडबुड करत नाही. टिप्स्ट हे बर्लिनमध्ये घडलेलं साधन 2023 मध्ये खुलं झालं; बीमरचं काम ते क्षणार्धात करतं आणि मराठी जोडाक्षरंही नीट लावतं. पुढच्या परिषदेला कदाचित बीमरला सुट्टी देईन.

जिथे ही पद्धत उपयोगाची नाही तेही सांगायला हवं. शिवाराचा नकाशा, त्यावर बाण, बाणाशेजारी विहिरीचा फोटो, फोटोखाली दोन ओळी, अशी स्लाइड साध्या मजकुरातून करायला जाऊ नये. करता येते, पण त्यासाठी जे काही लिहावं लागतं तो मग साधा मजकूर राहत नाही. आम्ही असा नकाशा क्यूजीआयएस आणि इंकस्केपमध्ये करतो, त्याचं एकच चित्र काढतो आणि स्लाइडमध्ये ते चित्र तेवढं बोलावतो. ज्यांच्या बहुतेक स्लाइड्स अशाच असतात त्यांनी लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये काम करावं. तेही मुक्तच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

सध्या आमची घडी अशी आहे. मजकूर मार्कडाउनमध्ये, मराठी आणि इंग्रजी दोन फाइली शेजारी-शेजारी, आकड्यांची एक वेगळी फाइल दोघींना सामाईक. मधे पॅनडॉक. गावाला एकसंध वेबफाइल आणि पीडीएफ, दादांना आणि देणगीदारांना पीपीटी, परिषदेला बीमर. नव्या माणसाच्या हातात पहिल्यांदा मार्प. परवान्यांचा खर्च शून्य, त्यामुळे लेखापरीक्षक सॉफ्टवेअरच्या पावत्या मागतात तेव्हा आम्ही निर्धास्त असतो.

तुम्ही मराठीतून शिकवत असाल, प्रशिक्षण देत असाल आणि असं काही साधन घ्यायचा विचार असेल, तर आधी आपली एक परीक्षा-फाइल करा. ‘स्थिती’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द तिच्यात घालाच. आणि एखादं साधन त्यावर अडखळलं तर नुसतं सोडून देऊ नका. यातल्या बहुतेक साधनांच्या तक्रारवह्या गिटहबवर सर्वांना खुल्या आहेत. मोडलेल्या शब्दाचं चित्र आणि तोच शब्द टंकित स्वरूपात, एवढं पाठवलं तरी दुरुस्त करणाऱ्याला पुरतं. शिरोरेषा कशी तुटते हे आपणच दाखवलं नाही, तर थीम रचणाऱ्याला ते कळायला दुसरा मार्ग नाही.